विहिरीतून येणारा आवाज आणि नव्या माइकची घाई

एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्या आणि त्यांची मावसबहीण मिळून पुस्तकांवरच्या गप्पांचा घरगुती पॉडकास्ट करतात. सात भाग झाले आहेत. बहीण घरी आली की दोघी टेबलाशी समोरासमोर बसतात आणि मधोमध, दोघींपासून दोन-दोन फुटांवर, एकच यूएसबी कंडेन्सर माइक ठेवतात. एरवी बहीण परगावी असते, तेव्हा व्हिडिओ कॉल लावून तोच रेकॉर्ड केला जातो. भिंतींना पातळ फोमचे चौकोन चिकटवून झाले, तरी एका श्रोत्याने विचारलंच, "विहिरीत बसून बोलता का?" बहिणीचा आवाज तर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली खरखर काढणारी सोय, लावली की बोलणं यंत्रासारखं होतं. प्रत्येक श्वास आणि प्रत्येक 'म्हणजे' कापत बसल्याने अर्ध्या तासाच्या भागाला सहा-सात तास जातात. साठवलेल्या पैशातून दुप्पट किमतीचा माइक घ्यावा, संपादन बाहेर द्यावं, की 'आपला आवाजच या कामाचा नाही' असं समजून थांबावं, असं त्या विचारतात. आणि झालेल्या सात भागांचं काय करायचं, हेही.

ताई,

त्या श्रोत्याचे आभार माना, कारण त्याने रोगाचं नाव बरोबर सांगितलंय. खरखर आहे असं तो म्हणाला नाही, आवाज बारीक येतो असंही नाही, विहीर म्हणाला. विहिरीत माणसाचा आवाज बिघडत नाही. भोवतीच्या टणक भिंतींवरून तो परत परत येतो आणि पुढच्या शब्दावर सांडतो. तुमच्या रेकॉर्डिंगचं हेच झालंय. तेव्हा 'आपला आवाजच या कामाचा नाही' हे आधी डोक्यातून काढा. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो. एरवी आपण तो कानांसोबत कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि हाडांतून येणारा भाग जास्त भरदार असतो. श्रोत्यांनी तो भरदार आवाज कधी ऐकलेलाच नसतो, त्यामुळे त्यांना काही उणं वाटत नाही.

राहिला माइक. नवा आणला की घुमणं जाईल, असं तुम्ही धरून चालला आहात. माइकचे दोन प्रकार: कंडेन्सर जास्त संवेदनशील, डायनॅमिक कमी. 'कंडेन्सर खोली ओढून घेतो, डायनॅमिक घेत नाही' हेही बहुधा कानावर आलं असेल. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर आवाज आणि खोली यांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच येतं. डायनॅमिक माइकला गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, फार लागतो, कधी ५० ते ६० डेसिबल. म्हणून लोक मुकाट्याने त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतात आणि रेकॉर्डिंग कोरडं येतं. श्रेय माइकला मिळतं, काम अंतराने केलेलं असतं. दोन फुटांवर ठेवलेला दुप्पट किमतीचा माइक तुमची विहीर फक्त अधिक बारकाव्याने ऐकवेल.

अंतराचं गणित एकदा नीट पाहू, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच उभं आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. ६० सेंटीमीटरचे ३० केले, ३० चे १५ केले, की १२ डेसिबल झाले. भिंतींवर आपटून आलेला आवाज मात्र खोलीभर कमीअधिक सारखाच पसरलेला असतो. माइक चार बोटं इकडे सरकवला काय किंवा तिकडे, तो तेवढाच राहतो. आता तुमचा आवाज मोठा झाला म्हणून तुम्ही गेन १२ डेसिबलने खाली आणाल. बोलणं पूर्वीइतकंच राहील आणि घुमणं, पंखा, शेजारचा टीव्ही हे सगळं १२ डेसिबलने खाली बसेल. दमडीचा खर्च नाही, आणि आवाजाला ओरखडाही नाही. एवढी सफाई देणारं सॉफ्टवेअर आवाजाचं काहीतरी घेतल्याशिवाय राहत नाही.

विश्वास ठेवू नका, करून पाहा. एकच वाक्य ६०, ३० आणि १५ सेंटीमीटरवरून सारख्याच जोरात बोला. मग तिन्ही तुकड्यांची पातळी सारखी करून हेडफोनने ऐका. पातळी सारखी करायला विसरू नका; नाहीतर मोठा आवाज तो चांगला आवाज, असा कान फसतो.

जवळ गेलं की दुसरी भांडणं सुरू होतात. पहिलं हवेचं. आपल्या भाषेत प, फ, ठ, ख हे झोत सोडणारे वर्ण वाक्यागणिक येतात. तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरून 'फाटक', 'पंखा', 'फुंकर' म्हणा. हाताला जे लागतं तेच माइकच्या पडद्याला धप्पकन लागतं. उपाय असा: माइक तोंडाच्या बरोबर समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, ३० ते ४५ अंश बाजूला घ्या, पण त्याचं तोंड तुमच्या तोंडाकडेच वळलेलं असू द्या. हवा सरळ निघून जाते, आवाज मात्र सगळीकडे पसरतो, तो माइकला मिळतोच. पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) असेल तर माइकपासून चार बोटं पुढे लावा, अगदी चिकटवून नको. दुसरं भांडण खर्जाचं. कार्डिऑइड माइकच्या जितकं जवळ जाल तितका खालचा सूर फुगतो. ८ सेंटीमीटरवर आवाज भारदस्त वाटतो, पण मान जराशी मागे गेली की तोच माणूस बारीक बोलू लागतो. म्हणून १५ सेंटीमीटर, आखडती वीत, आणि ते अंतर भागभर तेवढंच. पुस्तकातला उतारा वाचताना मान खाली जाते आणि अंतर बदलतं. पुस्तक माइकच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा.

एक बारीकशी गोष्ट तपासाच. बऱ्याच यूएसबी कंडेन्सर माइकचं तोंड वरच्या टोकाला नसतं, बाजूला असतं. बहुधा जिथे कंपनीचं चिन्ह छापलेलं असतं तिकडे. टोक तोंडाकडे वळवून बोललात तर तुम्ही माइकच्या कडेशी बोलत असता.

यातच तुमच्या बहिणीच्या आवाजाचं कोडं सुटतं. माइक मधोमध, दोघी समोरासमोर, म्हणजे माइकचं तोंड एकीकडे आणि पाठ दुसरीकडे. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. तो बनवलाच तसा असतो. तिचा थेट आवाज त्याने जवळजवळ टाकून दिला आणि भिंतींवरून फिरून आलेला तेवढा घेतला. माइकवर दिशा बदलण्याचं बटण असेल तर आठच्या आकड्यासारखी खूण शोधा. त्यावर माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूंचं सोडून देतो. माइक पुस्तकांच्या थप्पीवर तोंडाच्या उंचीला आणा आणि दोघी २०-२५ सेंटीमीटरपर्यंत पुढे सरका. तशी खूण नसेल तर एकच माइक दोघींत वाटून घेऊ नका. बहिणीचा फोन तिच्यासमोर वीतभर अंतरावर ठेवा आणि तिचा आवाज त्यावर वेगळा रेकॉर्ड करा. हो, फोन. जवळ ठेवलेला फोन लांब ठेवलेल्या चांगल्या माइकला सहज मागे टाकतो. माइक बहुधा फोनच्या खालच्या कडेला असतो, ती कड तोंडाकडे. विमान मोड चालू. आणि रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरची गुणवत्ता, असल्यास लॉसलेस (काहीही न गाळता साठवणारी).

दुसरा यूएसबी माइक आणून दोन्ही एकाच संगणकाला जोडायचा मोह होईल. टाळलेला बरा. ऑडॅसिटीसारखी रेकॉर्डिंग-संपादनाची सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणातून घेतात, आणि दोन माइकना दोन स्वतंत्र घड्याळं असल्याने हळूहळू ते एकमेकांपासून सरकतात. पुढेमागे पैसे खर्च करायचेच झाले तर दोन माइक घेणारा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि दोन साधे डायनॅमिक माइक घ्या. दुप्पट किमतीच्या एका माइकपेक्षा तुमच्या कामाला ते जास्त उपयोगी पडेल. साधन कुठलंही असो, एक ठोकताळा पाळा: तोंडापासून आपला माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये असावं. १५ सेंटीमीटरला ४५. नाहीतर एकच आवाज दोन्ही माइकमध्ये जरा पुढेमागे पोहोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो.

आता खोली. तो पातळ फोम फार काही करत नाही. दोन-तीन सेंटीमीटरचा फोम फक्त वरचे, चरचरीत सूर शोषतो. खालचे आणि मधले तसेच फिरत राहतात, म्हणून खोली कोरडी न होता नुसती मळकट वाटू लागते. अंड्याचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी. हवा असतो तो जाडपणा आणि वजन: रजई, गादी, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. आणि जागा महत्त्वाची. बहुतेक जण माइकच्या मागे, आपल्या नजरेसमोर रजई टांगतात. पण कार्डिऑइड माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तो तुम्हाला ऐकतो आणि तुमच्या पाठीमागची भिंतही ऐकतो. रजई आधी पाठीमागे. शक्य असेल तर भिंतीपासून हातभर पुढे टांगा. मधल्या हवेमुळे ती जास्त खाली उतरलेले सूरही धरते. टेबलावर घडी घातलेला जाड टॉवेल अंथरा, कारण माइकला सर्वांत जवळचा टणक पृष्ठभाग टेबलाचाच असतो. माइकचं स्टँड त्याच टॉवेलवर ठेवलं की कोपर लागल्याचे धक्केही अडतात. कोपऱ्यात बसू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. जागा ठरली की एक टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' अशी बारीक शेपूट ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती तो आवाज आपसांत खेळवत आहेत. त्यातल्या एका भिंतीवर काहीतरी टांगा.

पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. (फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना तो चालू करायची आठवण राहते.) जो आवाज बंद करताच येत नाही तो माइकच्या पाठीमागे येईल असं बसा. सतत बारीक 'हूं' ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बऱ्याचदा तो तिथूनच येतो.

पातळी ठेवताना एक खोड टाळा: "हॅलो, एक-दोन-तीन" असं पुटपुटून गेन लावण्याची. खऱ्या गप्पांत तुम्ही हसणार आहात. रेकॉर्डिंगची वरची मर्यादा शून्य धरतात, त्याखालचं सगळं उणे. हसून पाहा आणि त्या हसण्याचं टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं बघा. साध्या बोलण्याची टोकं उणे १२ च्या आसपास राहतील. शून्याला टेकून आवाज एकदा फाटला की तो परत शिवता येत नाही. कमी पातळीचा आवाज मात्र नंतर वाढवता येतो, विशेषतः २४ बिटमध्ये घेतला असेल तर. सेटिंग असं ठेवा: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुन्याचा बारकावा), मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात. संगणकाच्या सेटिंगमध्ये माइकसाठी आपोआप आवाज सुधारण्याचे किंवा गेन बदलण्याचे जे पर्याय असतील ते सगळे बंद करा. तुम्ही थांबलात की गेन आपसूक वर चढतो आणि खोलीचा 'स्स्स' फुगून येतो, तो याच पर्यायांमुळे.

सुरू करण्याआधी २० सेकंद गप्प बसा आणि ती शांतता रेकॉर्ड करा. नंतर सोनं ठरते.

बहीण परगावी असते तेव्हाचा भाग. कॉलचं रेकॉर्डिंग म्हणजे इंटरनेटने पिळून काढलेला आवाज. त्यात गाळलेल्या जागा असतात आणि त्या कुठल्याही संपादनाने भरत नाहीत. कॉल फक्त एकमेकींना ऐकण्यासाठी वापरा. दोघींनी आपापल्या जागी आपापला आवाज रेकॉर्ड करायचा आणि तिने नंतर फाइल पाठवायची. दोघींच्या कानात तारेचे हेडफोन हवेत, नाहीतर तिचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरेल. ब्लूटूथचे नकोत. ब्लूटूथ उपकरणाचा माइक चालू झाला की ते बहुतेक वेळा फोनकॉलच्या पद्धतीवर जातं आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या नमुन्यावर उतरतो, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं. 'स' आणि 'श' यांतला फरक तिथेच राहत असतो.

दोन फाइली जुळवायला सुरुवातीला "तीन, दोन, एक" म्हणून दोघींनी टाळी वाजवायची. कॉलला थोडा उशीर असतो, त्यामुळे जुळणी अंदाजे होते. मग एखादं पटकन दिलेलं उत्तर ऐकून बारीक सरकवा. शेवटी पुन्हा एक टाळी. तीच लोक विसरतात. दोन यंत्रांची घड्याळं दहा लाखांत ५० भाग जरी वेगळी चालली तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचा फरक पडतो, आणि तेवढ्याने दोघी एकमेकींचं बोलणं तोडतायत असं वाटू लागतं. शेवटची टाळी जुळत नसेल तर एखाद्या मोठ्या विरामात फाइल कापून मागचा भाग सरकवा. बहिणीचा आवाज अचानक चिरका आणि घाईचा झाला तर ती सर्दी नव्हे, ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजते आहे.

संपादनाकडे वळू. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही.

नॉइज रिडक्शनने आवाज यंत्रासारखा होतो, कारण ते शांततेतल्या खरखरीचा ठसा घेऊन तो बोलण्यातूनही वजा करतं. खरखर आणि आवाज जिथे एकमेकांत मिसळलेले असतात तिथे दोन्ही जातात. किती डेसिबल वजा करायचे, हा आकडा ऑडॅसिटीत आपण ठरवू शकतो. तुमच्या २० सेकंदांच्या शांततेतून ठसा घ्या आणि आकडा ६ ते ८ वर आणा. एवढ्याने भागत नसेल तर खोलीत काहीतरी चालू राहिलं होतं. आणि घुमण्यावर हे औषध मुळीच लागू पडत नाही: घुमणं म्हणजे तुमचाच आवाज, उशिरा आलेला. त्याचा ठसा शांततेत सापडणारच नाही.

इथे तुमच्या पत्रातल्या आणखी एका गृहीताला हात घालते. स्वच्छ आवाज म्हणजे शब्दांच्या मधे काहीच ऐकू न येणं, असं तुम्हाला वाटतं. म्हणून श्वास कापले जातायत. श्वास कापला की तिथे भोक पडतं. दोन शब्दांमधली खोलीची हलकी हवा अचानक नाहीशी होते आणि कान लगेच टवकारतो. ठसठशीत श्वास असेल तर तो ६ ते १० डेसिबलने खाली आणा, बाकीचे राहू द्या. काही कापलंच तर त्या जागी रेकॉर्ड केलेल्या शांततेचा तुकडा भरा. नॉइज गेटपासून, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणाऱ्या सोयीपासून, तर मराठीत जपूनच राहावं. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि शेवटाला आवाज पडतो. 'मला ते पुस्तक आवडलं नाही' यातलं 'नाही' जवळजवळ श्वासातच म्हटलं जातं. गेटने तेवढं गिळलं की तुम्ही पुस्तकाची शिफारस करून मोकळ्या होता. गेट लावायचाच तर तो पूर्ण बंद होणारा नको, ६ ते १० डेसिबलच खाली आणणारा ठेवा आणि मिटायला पाव सेकंद तरी द्या. बोलतानाही वाक्याचं शेपूट जरा उचलून धरायची सवय लावा.

'म्हणजे', 'अं', 'तर मग' यांचंही तेच. सगळे काढले की माणूस बोलतोय असं वाटत नाही, बातमीपत्र वाटतं. जो अडखळा ऐकताना तुम्हाला स्वतःला टोचतो तोच काढा. बघून काढू नका, ऐकून काढा. कात्री कुठे लावायची याची एक खूण आहे. व्याकरणात ज्यांना स्पर्श वर्ण म्हणतात ते क, ट, त, प उच्चारण्याआधी तोंड क्षणभर बंद होतं आणि तिथे खरीखुरी सूक्ष्म शांतता असते. लाटांच्या चित्रात ती बारीक सपाट रेष म्हणून दिसते. 'अं... म्हणजे कादंबरीत' यात 'कादंबरी'च्या 'क'आधीच्या त्या रेषेवर कापलंत तर जोड ऐकूच येणार नाही. 'म्हणजे आपण' सारख्या ठिकाणी स्वराला स्वर जुळलेला असतो, तिथे कापाल तर हिसका बसेल. ते 'म्हणजे' राहू द्या. प्रत्येक जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा उमटतो तो) द्या, टिचकी ऐकू येत नाही.

सहा-सात तास कमी करायची युक्ती रेकॉर्डिंगमध्येच आहे. चूक झाली की थांबा, दोन सेकंद गप्प, एक चुटकी माइकजवळ, आणि वाक्य पहिल्यापासून. मधून सुरू करू नका, मधल्या शब्दाचा सूर कधीच जुळत नाही. चुटकीचे उंच काटे पडद्यावर लांबूनच दिसतात. संपादनात पहिली फेरी न थांबता ऐकण्याची: जिथे कंटाळा आला, जिथे विषय भरकटला, तिथे ऑडॅसिटीत कंट्रोल-एम दाबून खूण करायची. दुसऱ्या फेरीत त्या खुणा आणि चुटक्या कापायच्या. आधी मोठे तुकडे, मग बारीक. जो परिच्छेद शेवटी उडवणार आहात त्यातले 'अं' वेचत बसण्यात तुमचे तास जात असणार.

कापून झाल्यावर आवाजावरचं काम थोडकंच. हाय-पास फिल्टर (खालचे सूर गाळणारा) ८० हर्ट्झवर. त्याखाली बोलणं जवळजवळ नसतं, गडगड आणि टेबलाचे धक्के असतात. आवाज डब्यातला वाटला तर २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल कमी करा. वाढवण्याआधी नेहमी कमी करून पाहा. मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा: प्रमाण २:१ किंवा ३:१, आणि मोठ्या शब्दांवर ३ ते ६ डेसिबलच दाब पडेल असा. जास्त दाबलंत तर मेकअप गेनबरोबर (दाबल्यावर परत वाढवलेल्या पातळीबरोबर) खरखर आणि श्वासही वर येतात, आणि तुम्ही पुन्हा नॉइज रिडक्शनकडे धावता. 'स', 'श', 'छ' कानाला टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर (असले टोचरे सूर दाबणारा), अगदी हलका. हे सगळं दोघींच्या ट्रॅकवर वेगवेगळं करायचं. एकीला जे सोसतं ते दुसरीला सोसेलच असं नाही.

शेवटी लाउडनेस. ॲपल पॉडकास्ट उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सुचवतं, एक इकडे-तिकडे चालतं, आणि ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये. मोनो फाइलला तेवढाच मोठा ऐकू येणारा आकडा उणे १९. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये मोनोला ड्युअल मोनो (दोन्ही कानांत तोच आवाज) धरण्याची खूण चालू असेल तर हा हिशेब ते स्वतःच करतं, तुम्ही उणे १६ च लिहा. त्यानंतर लिमिटर (ठरलेल्या टोकावर आवाज अडवणारा) उणे १ वर. एमपी३ करताना दोघींच्या गप्पांना मोनो ९६ केबीपीएस पुरेसे आहेत. अर्ध्या तासाला साधारण २२ एमबी होतात. प्रकाशित करण्याआधी फोनच्या साध्या स्पीकरवर, भांडी घासताना ऐकतो तसं लांबून, एकदा ऐका. वाक्यांचे शेवट तिथे कळले तर झालं.

संपादन बाहेर द्यायला माझी ना नाही, पण आत्ता नको. आत्ता दिलंत तर तो माणूस तुमच्या खोलीशी झगडण्याचे पैसे घेईल आणि तरीही विहीर उरेल. वरच्या पद्धतीने दोन-तीन भाग करून बघा. मग कंटाळा उरला तर द्या, तेव्हा दोघींचे वेगवेगळे ट्रॅक, २० सेकंदांची शांतता आणि कुठे काय काढायचं याच्या वेळा लिहून द्या. काय काढायचं हे तुम्हीच ठरवा. गप्पा तुमच्या आहेत.

आणि ते सात भाग. पुन्हा नॉइज रिडक्शनच्या चरकातून काढू नका, त्यांत काढण्यासारखं होतं ते निघालंय. मूळ फाइली असतील तर त्यांच्यावर फक्त ८० हर्ट्झचा फिल्टर आणि उणे १६ ची पातळी लावून पुन्हा चढवा, म्हणजे आठव्या भागानंतर मागे जाणाऱ्याला आवाजाचं बटण पिळत बसावं लागणार नाही. पुन्हा रेकॉर्ड करायचाच असेल तर पहिला तेवढा करा. नवीन माणूस बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतो. या वेळी बहिणीला समोर न बसवता टेबलाच्या लगतच्या बाजूला, काटकोनात बसवा. रजई दोघींच्या पाठीमागे पोहोचते, आणि तिचा फोन तुमच्या माइकपासून ४५ सेंटीमीटरच्या पुढे आपोआप राहतो.